सगळ्यांआधी उठणारी

धाकटीच्या ऑफिसात पिण्याचं पाणी तीन तऱ्हांचं मिळतं, हे गल्लीतल्या घराघराला तोंडपाठ झालं होतं. साधं, गार आणि बुडबुड्यांचं. मशीनवाल्या मावशींनी ते इतक्या वेळा ऐकवलं होतं, की समोरची निवृत्त शिक्षिका त्यांना लांबून येताना बघूनच म्हणायची, "आलं बुडबुड्यांचं पाणी."

मावशींना त्याचं काही वाटत नसे. जळतात मेले, जळू देत. नवरा गेल्यावर पुढच्या खोलीत सहा शिलाई मशीन मांडून, शाळांचे गणवेश आणि हॉटेलांचे पडदे शिवून त्यांनी दोन पोरं वाढवली होती. थोरला बोटीवर, वर्षातून एकदा तोंड दाखवणारा. आणि धाकटी त्या काचेच्या इमारतीत, सतराव्या मजल्यावर. तिथं मोठमोठ्या इमारतींचे नकाशे निघत. त्यात धाकटीकडे जिने होते. आग लागली तर आतली माणसं किती मिनिटांत बाहेर पडतील, त्यासाठी जिना किती रुंद हवा, दार कुठल्या बाजूला उघडायला हवं, हे ती ठरवायची. पगार असा, की ऐकून बँकेतला साहेब उठून खुर्ची द्यायचा. त्या पगारातून मावशींच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू निघाले, पाच मशीन विकली गेली आणि पुढच्या खोलीत सोफा आला. सहावं मशीन मावशींनी विकू दिलं नाही. सोफ्यावर नुसतं बसून माणूस खुळं होतं, असं त्यांचं म्हणणं.

आता धाकटी त्या सोफ्यावर बसते केव्हा, असं कोणी विचारलं की मावशी विषय बदलायच्या. सकाळी अंधारात जाणारी पोर परत अंधारात यायची. जेवताना डोळे ताटात आणि अंगठा फोनवर. पण मावशींनी मनाला समजावलं होतं, की मोठ्या कामाची माणसं अशीच असतात.

थंडी सुरू व्हायच्या आधी मावशींनी तिच्यासाठी कोट शिवायला घेतला. रविवार होता म्हणून ती सापडली. माप घेताना टेप काखेखालून नेली आणि बोटाला काहीतरी लागलं. कोटाच्या बटणाएवढं. पण बटणासारखं गोल नव्हतं, आणि दाबलं तर सरकत नव्हतं.

"हे काय गं?"

"काही नाही. असतं असं कधीकधी."

"केव्हापासून असतं?"

"झाले असतील दोनेक महिने. आई, टेप सैल सोड, श्वास घेता येत नाही."

चाळीस वर्षं मावशींनी लोकांच्या अंगाची मापं घेतली होती. अंगावर काय असावं आणि काय नसावं, हे त्यांच्या बोटांना शिकवावं लागत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तपासणी केंद्रात जाऊन वेळ घेतली. तो दिवस उजाडला आणि मावळला. धाकटी म्हणाली, मीटिंग लांबली. दुसरी वेळ घेतली. तेव्हा म्हणाली, निघतच होते. मावशी दोन्ही वेळा केंद्राच्या बाकावर तास तास बसून एकट्या परत आल्या. काउंटरवरची बाई तोंडावर बोलणारी होती. म्हणाली, "मावशी, तिसऱ्यांदा चुकलं तर पुढची वेळ दोन महिन्यांनी. बाकीच्यांनाही गाठी आहेत."

तिसरी वेळ सोमवारी साडेचारची होती. मावशींनी ठरवलं, की या खेपेला बाकावर बसून राहायचं नाही, जाऊन हाताला धरून आणायची.

धाकटीनं फोनवर तीनतीनदा सांगितलं होतं, "तू वर येऊ नकोस. खाली थांब, मी येते." पण चार वर्षं जिचं कौतुक गल्लीभर केलं, ती जागा एकदा डोळ्यांनी बघायला नको का? मावशींनी ठेवणीतले कपडे घातले, रखवालदाराला नाव सांगितलं, त्यानं त्यांच्या छातीवर पाहुणे असं लिहिलेला कागद चिकटवला, आणि पावणेचारला त्या सतराव्या मजल्यावर उतरल्या.

मजला भला मोठा, मध्ये एक भिंत नाही. लांबच लांब टेबलं आणि त्यांना लागून पाठी. पाठीच पाठी. उजेड असा, की काळ्या कापडावर काळा दोरा घालावा. खुर्च्या गुबगुबीत. मावशींच्या कामाच्या डोळ्यांनी ते सगळं आधी टिपलं आणि मनातून त्या खूश झाल्या. मग त्यांना दिसलं, की इतक्या चांगल्या खुर्च्यांत बसूनही सगळ्यांचे खांदे कानांना भिडलेत. ऑर्डर अंगावर आली की मावशींच्या हाताखाली शिवणाऱ्या बायकांचे व्हायचे तसे. आणि बऱ्याच खुर्च्यांवर नुसती जॅकेटं होती, आत माणूस नव्हता.

धाकटीनं मान वर केली, आईला पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. तिनं पर्स आधी टेबलाखाली घेतली, मांडीवर ठेवली, इकडेतिकडे पाहिलं आणि मग उठली.

ती उठली तशी कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीतून टाळी वाजली. सावकाश, एक, मग दुसरी. दारात साहेब उभे होते. चेहरा असा, की माशी बसली तर घसरून पडावी. त्यांच्या मागोमाग पहिलं टेबल, मग दुसरं, मग अख्खा मजला टाळ्या वाजवू लागला. धाकटी खाली मान घालून चालत होती आणि दोन्ही बाजूंनी टाळ्यांचा कडकडाट. तिच्या शेजारी बसणारी चष्मेवाली, जिचं नाव घरी रोज निघायचं, तीही वाजवत होती.

मावशींचा ऊर भरून आला. डोळ्यांत पाणी आलं, मोतीबिंदू काढलेल्या दोन्ही डोळ्यांत. इतक्या शिकल्यासवरल्या लोकांत आपल्या लेकीचा हा मान. त्यांनी छातीवर हात ठेवला, कंबर वाकवून सगळ्यांसमोर मान लववली आणि मोठ्यानं म्हणाल्या, "देव तुमचंही भलं करो रे."

कोणीतरी फिसकन हसलं. मावशींना वाटलं, आनंदी मुलं आहेत.

लिफ्टचं दार लागल्यावर त्या म्हणाल्या, "केवढा मान आहे गं तुला इथं. घरी कधी बोलली नाहीस."

"गप्प बस, आई."

असं ती जन्मात बोलली नव्हती. खाली पोहोचल्यावर चार पावलं चालली आणि खांबाला टेकून उभी राहिली.

"तुला कळलं का, काय झालं ते?"

"टाळ्या वाजवल्या. त्यात काय वाईट केलं?"

"जो सगळ्यांच्या आधी घरी जायला उठतो, त्याच्यासाठी वाजवतात त्या. तो दाराबाहेर जाईस्तोवर. साहेबांनी सुरू केलंय, गंमत म्हणून. बघा, यांचं काम संपलं, यांना घर आठवलं. मग दुसऱ्या दिवशी प्रत्येक जण विचारणार, झोप झाली का पुरेशी? आणि चांगलं काम आलं की ते दुसऱ्याला देणार, तुला घरी जायचं असतं ना, म्हणून."

"म्हणजे रोज कोणाची तरी अशी धिंड निघते?"

"रोज कुठली? आधी उठतंच कोण? नऊ वाजेपर्यंत सगळे एकमेकांच्या हातांकडे बघत बसतात, पर्स कोण उचलतंय म्हणून. हिशेबवाला तर जॅकेट खुर्चीवर ठेवून मागच्या जिन्यानं पळतो, थंडीत कुडकुडत. काहींनी दोन दोन घेतलीत, एक अंगावरचं, एक खुर्चीचं." ती हसायला गेली, पण हसू तोंडावर नीट बसेना. "मागच्या दोन्ही वेळी मी पर्स मांडीवर घेऊन बसले होते, आई. अर्धा अर्धा तास. मला उठता आलं नाही."

मावशींच्या कानशिलाशी रक्त चढलं. खरं सांगायचं तर पहिला राग लेकीसाठी आला नाही, स्वतःसाठी आला. जी कंबर चाळीस वर्षांत एका गिऱ्हाइकापुढे वाकली नाही, ती कंबर त्यांनी त्या टवाळखोरांपुढे वाकवली होती. वर आशीर्वाद दिला होता. ते फिसकन हसू आता त्यांना नीट ऐकू आलं.

तेवढ्यात धाकटी म्हणाली, "मी वर जाते. आज राहू दे. आता तर आठवडाभर तुझी नक्कल करत बसतील. गेले आणि लगेच परत आले तर विसरतील तरी."

"विसरतील? आणि गाठ? तीही विसरेल का तुला?"

"दोन महिन्यांनी काय बिघडतंय?"

"अगं, हजार माणसं चार मिनिटांत बाहेर कशी काढायची ते तू ठरवतेस. तुला एकटीला एका दारातून बाहेर पडता येत नाही? लाज वाटत नाही?"

धाकटीनं खांब सोडला. आवाज चढवला नाही तिनं, चढवला असता तर परवडलं असतं.

"तू नको बोलूस. तू तर अजिबात नको. ऑर्डर पुरी होईस्तोवर बायकांच्या चपला कपाटात कोण घालायचं? किल्ली कमरेला लावून कोण हिंडायचं? मी त्याच खोलीत कोपऱ्यात अभ्यास करत बसायचे. काम टाकून उठणारीला तू काय काय म्हणायचीस, ते सगळं पाठ आहे मला. मी शिकले ते तिथंच शिकले."

"ती गंमत होती," मावशी म्हणाल्या.

शब्द तोंडातून गेला आणि मग त्यांचा त्यांनाच ऐकू आला.

त्या वळल्या आणि लिफ्टचं बटण दाबलं. एकदा दाबून पुरतं, पण त्यांनी पाच वेळा दाबलं.

"कुठं निघालीस?"

"वर."

"आई, नको. आई, साडेचारची वेळ आहे."

"आहे ना? मग लवकर चल."

धाकटी त्यांना अडवायला म्हणून लिफ्टमध्ये शिरली आणि दार लागलं.

सतराव्या मजल्यावर त्या दोघींना परत आलेलं पाहून खुर्च्या फिरल्या. साहेब काचेच्या खोलीतून बाहेर आले. बूट असे, की चालल्याचा आवाज नाही.

"आई, काही राहिलं का तुमचं?"

"राहिलं. मघाशी मी चुकून तुम्हाला मान दिला. तो परत न्यायला आले."

आणखी चार खुर्च्या फिरल्या. मावशी थांबल्या नाहीत.

"मला वाटलं, लेकीचं कौतुक करताय. मी वाकले. अडाणी बाई आहे, मला काय माहीत, की इथली इतकी शिकलेली माणसं घरी जाणाऱ्याची हुर्यो करतात. आमच्या गल्लीत कुत्र्यामागे पोरं लागतात टाळ्या पिटत, त्यांना मी चपलेनं हाणते. तुमचं काय करू?"

"आई, तुमचा गैरसमज होतोय." साहेबांचा आवाज साजूक होता. "ती आमची गंमत आहे. आम्ही इथं सगळे एक कुटुंब आहोत."

"कुटुंब? घरातलं माणूस बाहेर निघालं की मी विचारते, कुठं चाललीस, केव्हा येशील, छत्री घेतलीस का. तुमच्या कुटुंबात एवढी तोंडं आहेत. एकानं तरी विचारलं का, ही चाललीय कुठं?"

मावशींच्या जिभेवर गाठ हा शब्द येऊन थांबला होता. तो फेकला असता तर त्या गुळगुळीत तोंडावर बरोबर बसला असता. त्यांनी लेकीकडे पाहिलं. धाकटी मान हलवून नको म्हणत होती, जेमतेम दिसेल इतकीच. गाठ तिची होती. मावशींनी शब्द गिळला. गिळायची सवय नव्हती.

मग धाकटीच बोलली. जिन्याची मापं वाचून दाखवावीत तशा आवाजात.

"माझ्या काखेत गाठ आहे. साडेचारला तपासणी आहे. दोनदा चुकवलीय, कारण मला इथून उठायची भीती वाटते."

चष्मेवालीनं दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसली. साहेबांनी मात्र लगेच छातीवर हात ठेवला.

"अगं, हे आधी नाही का सांगायचं? तब्येत पहिली. जा, लगेच जा. कामाची अजिबात काळजी करू नकोस." ते जरा थांबले, मग आणखी मऊ झाले. "गुरुवारी पाहुण्यांसमोर नकाशे मांडायचे आहेत, तेवढे उत्तरेकडचे जिने बघून ठेव, झालं. दवाखान्यात वाट बघत बसावंच लागतं ना? तेवढाच वेळ जाईल. नेट असेलच तिथं."

कापडवाले, शाळांचे मुख्याध्यापक, हप्ता मागायला येणारे, कोणाकोणाला त्यांनी उभं आडवं फाडलं होतं. पण इतक्या गोड आवाजात इतकं हलकट काही त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं. याला शिवी तरी कुठली द्यायची?

धाकटीनं खांद्यावरच्या पिशवीतून लॅपटॉप काढला आणि साहेबांच्या हातात दिला. टेबलावर ठेवला नाही, हातातच दिला, म्हणजे त्यांना तो धरावा लागला.

"उत्तरेचे जिने यात आहेत," ती म्हणाली. "दारं उलटी उघडतात. मी दोन आठवडे सांगतेय."

आणि ती चालू लागली. या वेळी कोणाचाही हात हलला नाही. मावशी तिच्या मागून निघाल्या. वाटेत एका रिकाम्या खुर्चीवरचं जॅकेट त्यांचा धक्का लागून खाली पडलं. ते त्यांनी उचललं नाही.

टॅक्सीत दोघी दोन खिडक्यांना बसल्या. मावशींच्या अंगात राग अजून फणफणत होता, पण आता तो बसायला जागा शोधत होता आणि जागा त्यांच्याच आत सापडत होती. त्यांना काजवाली आठवली. काज करण्यात तिचा हात धरणारी नव्हती. एकदा तिचं पोर तापलं होतं घरी, आणि गणवेशांची ऑर्डर सकाळी द्यायची होती. ती चारदा म्हणाली, "बाई, चपला द्या ना." मावशी म्हणाल्या होत्या, "अनवाणी जा की, कोण अडवतंय?" बाकीच्या बायका हसल्या होत्या. काजवालीही हसली होती, आठ वाजेपर्यंत हसत हसत काजं करत होती. पोराला काही झालं नाही, म्हणून ती गोष्ट मावशींनी कधी गोष्ट मानलीच नव्हती. पुढच्या महिन्यात काजवाली दुसरीकडे कामाला लागली, तेव्हा मावशींनी तिला निमकहराम म्हटलं होतं.

एक सिग्नल गेला, दुसरा गेला. तिसऱ्याला गाडी थांबली तेव्हा मावशी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "चुकलं माझं. चपलांचं."

धाकटीनं मान वळवली. "मला नको सांगूस. माझ्या चपला कुठं घातल्या होत्यास कपाटात?"

"ठाऊक आहे. काजवाली कुठं राहते, तेही ठाऊक आहे. जाईन." मग थांबून, "पण त्या माणसाला मी माफ केलेलं नाही. माझी चूक मला कळायला एक बोलणं पुरलं. त्याला ऐकूनही कळलं नाही."

"त्याला कळलंय, आई. म्हणून तर इतका गोड बोलला."

केंद्रात पोहोचायला पावणेपाच वाजले. काउंटरवरच्या बाईनं घड्याळाकडे पाहिलं, मावशींच्या तोंडाकडे पाहिलं, आणि अर्ज पुढे सरकवला. तिनं विचारलं, "गाठ केव्हापासून?"

धाकटी आईकडे न बघता म्हणाली, "आठ महिने."

मावशींचा हात काउंटरच्या कडेवर आवळला. आठ. दोन नव्हे. आठ महिने ही पोर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. त्यांना तिला तिथल्या तिथं एक ठेवून द्यावीशी वाटली, आणि त्याच हातानं जवळ ओढावीशीही वाटली. दोन्ही केलं नाही. धाकटी आत गेली.

अर्ध्या तासानं डॉक्टरीणबाईंनी दोघींना बोलावलं. केस पांढरे, चेहरा दमलेला, पण बोलणं स्वच्छ. "सोनोग्राफीच्या चित्रावरून नक्की सांगता येत नाही. वाईट आहे असं म्हणत नाही, चांगलं आहे असंही म्हणत नाही. तुकडा काढून तपासायला हवा. आठ महिने थांबलात, आता थांबू नका. गुरुवारी सकाळी दहाला एक जागा आहे. नाहीतर मग पंधरा दिवसांनी."

गुरुवार. मावशींनी तिथल्या तिथं मनात सगळं भाषण रचलं, पाहुणे खड्ड्यात गेले, जिने खड्ड्यात गेले, इथपासून. जीभ टाळूला लावून त्या तयार बसल्या. मग त्यांनी स्वतःचंच मनगट दुसऱ्या हातानं घट्ट धरलं आणि काहीच बोलल्या नाहीत. आयुष्यात इतकं जड काम त्यांनी केलं नव्हतं.

पर्समध्ये धाकटीचा फोन थरथरत होता. एकदा थांबला, पुन्हा सुरू झाला.

"गुरुवारी येते," धाकटी म्हणाली. "दहाला. उपाशी यायचं का?"

"नाही, खाऊन या. पोटभर."

बाहेर काउंटरवरच्या बाईनं वही उघडली, गुरुवारचं पान काढलं आणि कानामागची पेन्सिल घेतली. धाकटीचं नाव ती पेन्सिलनं लिहू लागली.

"पेनानं लिहा," धाकटी म्हणाली.

"इथं सगळ्यांचं पेन्सिलनंच लिहितो. लोक येत नाहीत, मग खोडावं लागतं."

"माझं खोडावं लागणार नाही."

बाईनं खांदे उडवले, खणात हात घालून पेन शोधलं, दोनदा कागदावर घासून बघितलं, आणि लिहिलं.